दुसरा गाल : ब्रुकलिन संघाचा १९४७ चा हंगाम

१९४७ हे साल उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे १५ ऑगस्टची मध्यरात्र उभी राहते. त्याच वर्षी पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, एका खेळाच्या मैदानावर एक लहानसे स्वातंत्र्य जन्मास आले. त्यासाठी कुठे ध्वज फडकला नाही की घंटा वाजल्या नाहीत. एक काळा मनुष्य गोऱ्यांच्या संघाचा गणवेश घालून मैदानात उतरला, एवढेच घडले. परंतु त्या एवढ्याशा घटनेने एका बलाढ्य राष्ट्राला आपल्या अंतःकरणात डोकावून पाहावे लागले.

ही कथा मी प्रथम सेमिनरीत असताना वाचली. धर्मगुरू झाल्यावर पर्वतावरील प्रवचनाचा रविवार आला की दाखला म्हणून मी ती सांगत असे : अपमान गिळून ज्याने दुसरा गाल पुढे केला, अखेर विजय त्याचाच झाला. श्रद्धावंतांना ती आवडे आणि मलाही. गेल्या वर्षी मात्र एका प्रसंगाने माझीच मला लाज वाटली. आमच्या धर्मग्रामातील मुलांचे क्रिकेटचे सामने चालू होते. पाड्यावरून आलेला एक मुलगा उत्तम खेळत होता. सीमारेषेवरच्या काही मुलांनी त्याच्या जमातीचे नाव शिवीसारखे उच्चारून त्याला डिवचले. डोळ्यांत पाणी आणून तो माझ्याकडे आला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "बाळा, सोडून दे. प्रभूने क्षमा करायला शिकवलंय ना?" तो मान खाली घालून परत गेला. शिव्या देणाऱ्या मुलांना मी एका शब्दानेही बोललो नाही. ती ओळखीच्या घरांतली होती.

त्या रात्री ब्रुकलिनची कथा मी पुन्हा काढून वाचली, आणि आपण तिचा अर्धाच भाग सांगत आलो आहोत हे ध्यानात आले. तो उरलेला अर्धा भाग वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

बेसबॉल हा अमेरिकेचा राष्ट्रीय छंद. क्रिकेट जाणणाऱ्याला तो समजायला कठीण नाही. गोलंदाज चेंडू फेकतो, फलंदाज तो टोलवतो आणि चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील चार ठाण्यांना क्रमाने स्पर्श करून मूळ ठाण्यावर परतला की एक धाव होते. गोलंदाजाची नजर चुकवून एका ठाण्यावरून पुढच्या ठाण्यावर धूम ठोकणे ह्याला 'ठाणे चोरणे' म्हणतात. अशा ह्या खेळाच्या प्रमुख व्यावसायिक संघांत १८८४ नंतर एकही काळा खेळाडू नव्हता. तसा कुठलाही लेखी नियम नव्हता. आपल्याकडील अस्पृश्यतेसारखाच तो सर्वांनी पाळलेला, कुणीही न लिहिलेला दंडक होता. काळ्या खेळाडूंचे संघ वेगळे, स्पर्धा वेगळ्या, उतरण्याच्या जागा वेगळ्या.

हा दंडक मोडण्याचे ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी मनाशी ठरविले. रिकी मेथडिस्ट पंथाचे, मोठे भाविक गृहस्थ. आईला दिलेल्या शब्दाखातर ते रविवारी मैदानावर जात नसत. तरुणपणी ते एका कॉलेजच्या संघाला शिकवीत असताना संघातील एका काळ्या विद्यार्थ्याला हॉटेलात जागा नाकारण्यात आली होती. त्या मुलाचे ते रडणे आपण कधी विसरलो नाही, असे रिकी सांगत असत. अर्थात रिकी निव्वळ संत नव्हते, चांगले व्यवहारीही होते. काळ्या संघांत उत्तम खेळाडू अल्प मोलाने मिळतील, काळे प्रेक्षक तिकिटे काढून येतील, हा हिशेब त्यांना कळत होता. रॉबिन्सन यांना घेताना त्यांच्या पूर्वीच्या संघाला, कॅन्सस सिटी मोनार्क्सला, रिकी यांनी मोबदलाही दिला नाही. माणसाच्या सत्कृत्यात असे मिश्रण बहुधा असतेच.

जॅकी रॉबिन्सन यांचा जन्म ३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यातील कैरो गावी झाला. वडील घर सोडून गेल्यावर आई मॅली पाच लेकरांना घेऊन कॅलिफोर्नियात पॅसाडीना येथे आली आणि लोकांच्या घरी कामे करून तिने त्यांना वाढविले. जॅकी विद्यापीठात चार खेळांत चमकले. महायुद्धात ते सैन्यात अधिकारी होते. १९४४ साली टेक्सासमधील छावणीच्या बसमध्ये चालकाने त्यांना मागे जाऊन बसण्यास फर्मावले. त्यांनी साफ नकार दिला. लष्करी न्यायालयात खटला उभा राहिला आणि ते निर्दोष सुटले. म्हणजे ज्या माणसाची सहनशीलतेची कथा आपण सांगतो, तो माणूस स्वभावाने मुळीच सोशीक नव्हता. हे ध्यानात ठेवावयास हवे.

२८ ऑगस्ट १९४५ रोजी रिकी यांनी रॉबिन्सन यांना आपल्या कचेरीत बोलाविले. सुमारे तीन तास ती भेट चालली. रिकी कधी उद्धट हॉटेलवाला झाले, कधी शिव्या घालणारा प्रेक्षक, तर कधी अंगावर धावून येणारा खेळाडू. हे सारे तुमच्या वाट्यास येईल, तेव्हा काय कराल, असा त्यांचा प्रश्न होता. उलट मारण्याची हिंमत नसलेला माणूस तुम्हाला हवा आहे काय, असे रॉबिन्सन यांनी विचारले. मला उलट न मारण्याची हिंमत असलेला माणूस हवा आहे, अशा आशयाचे उत्तर रिकी यांनी दिले. त्यांच्याजवळ नास्तिकतेकडून कॅथलिक श्रद्धेकडे वळलेल्या जोव्हान्नी पापिनी या इटालियन लेखकाचे ख्रिस्तचरित्र होते. त्यातील दुसऱ्या गालाविषयीचा भाग त्यांनी रॉबिन्सन यांना वाचावयास दिला. रॉबिन्सन यांनी शब्द दिला, आणि १९४६ चा हंगाम ते डॉजर्सच्या दुय्यम संघातर्फे कॅनडातील माँट्रियल शहरात खेळले. तेथे ते फलंदाजीत त्या साखळीत अव्वल ठरले.

१९४७ चा फेब्रुवारी उजाडला. रिकी यांनी ब्रुकलिनमधील काळ्या समाजाच्या पुढाऱ्यांना भोजनास निमंत्रित केले आणि त्यांनाही संयमाचा उपदेश केला. रॉबिन्सन संघात आले तर मिरवणुका नकोत, जल्लोष नको, प्रेक्षागृहात भांडण तर मुळीच नको. पुढाऱ्यांनी ते मनावर घेतले आणि मंदिरांतून, मंडळांतून तसा प्रचार केला. एका माणसाने दिलेला शब्द असा साऱ्या समाजाने आपल्या अंगावर घेतला.

गोऱ्या खेळाडूंना मात्र असे कुणी भोजनास बोलाविले नाही. रॉबिन्सन यांचा खेळ पाहून ते आपणहून त्यांना संघात मागतील, अशी रिकी यांची अटकळ होती. ती चुकली. मार्चमध्ये सरावासाठी संघ क्यूबा व पनामात असताना दक्षिणेकडील काही खेळाडूंनी रॉबिन्सन नकोत अशा अर्जाची तयारी चालविली. संघाचे मैदानावरील व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांच्या हे कानी आले. त्यांनी मध्यरात्री खेळाडूंना झोपेतून उठवून एकत्र केले आणि शेलक्या शब्दांत सुनावले : हा माणूस खेळणार, ज्याला पटत नसेल त्याने दुसरा संघ पाहावा. नंतर रिकी यांनी म्होरक्यांना एकेकटे बोलावून समज दिली. अर्ज तेथेच बारगळला.

ह्या ड्युरोशर यांच्याविषयी आपण कॅथलिकांनी जाणून घेण्याजोगी एक गोष्ट आहे. ब्रुकलिनमधील कॅथलिक युवक संघटना मुलांना डॉजर्सच्या सामन्यांना नेणाऱ्या मंडळात सहभागी होती. मार्च १९४७ च्या सुरुवातीस तिने त्यातून अंग काढून घेतले. कारण ड्युरोशर. त्यांची जुगाऱ्यांशी ऊठबस होती. घटस्फोटित नटीशी त्यांनी केलेला विवाहही वर्तमानपत्रांत गाजत होता. असा माणूस मुलांपुढे आदर्श म्हणून नको, असे संघटनेच्या धर्मगुरू संचालकांचे मत पडले. पुढे ९ एप्रिल रोजी बेसबॉलच्या आयुक्तांनीच ड्युरोशर यांना एका वर्षासाठी निलंबित केले.

त्या धर्मगुरूंची चिंता खोटी होती असे मी म्हणणार नाही. मुलांच्या मनाची काळजी वाहणे हे आमचे कर्तव्यच होय. मध्यरात्रीच्या त्या बैठकीची खबरही त्यांना असण्याचे कारण नव्हते. तरीही एक प्रश्न उरतोच. ती मुले वर्षानुवर्षे मैदानावर जात होती आणि दोन्ही संघांत एकही काळा मनुष्य नाही हे आपल्या डोळ्यांनी पाहत होती. त्या दृश्याने मुलांच्या नीतीला धोका पोहोचतो, म्हणून तिकिटे कुणी परत केली नाहीत. व्यवस्थापकाचा दोष सर्वांना दिसला. मैदानाचा दोष सवयीचा झाला होता. आणि ज्याला आपण मुलांपासून दूर ठेवू पाहत होतो, नेमका तोच माणूस त्या वसंतात अन्यायाविरुद्ध ठामपणे उभा राहिला! परूशी लोकांना जकातदारांची उदाहरणे देणाऱ्या प्रभूला ह्याचे नवल वाटले नसते.

१० एप्रिल रोजी रॉबिन्सन यांची डॉजर्समध्ये नेमणूक जाहीर झाली. १५ एप्रिल रोजी एबिट्स फील्ड या मैदानावर बोस्टनविरुद्ध हंगामाचा पहिला सामना झाला. पंचवीस हजारांहून अधिक प्रेक्षक आले आणि त्यांत निम्म्याहून अधिक काळे असावेत असा अंदाज आहे. पाठीवर ४२ क्रमांक घेऊन रॉबिन्सन पहिल्या ठाण्यावर उभे राहिले. त्या दिवशी त्यांच्या बॅटीतून काही विशेष घडले नाही, परंतु संघाला आघाडीवर नेणारी धाव त्यांनीच पूर्ण केली. ब्रुकलिन ५–३ असे जिंकले.

खरी परीक्षा आठवड्याभरातच आली. २२ एप्रिलपासून फिलाडेल्फियाचा संघ ब्रुकलिनला खेळावयास आला. त्याचे व्यवस्थापक बेन चॅपमन आणि काही खेळाडू रॉबिन्सन खेळावयास येताच बाकावरून गलिच्छ शिव्या देऊ लागले. त्या येथे लिहिण्याजोग्या नाहीत. आपला शब्द मोडण्याच्या अगदी जवळ आपण त्या दिवशी पोहोचलो होतो, असे रॉबिन्सन यांनी पुढे लिहून ठेवले. त्यांनी शब्द मोडला नाही. आठव्या डावात त्यांनी चेंडू टोलवला, दुसरे ठाणे चोरले आणि सामन्यातील एकमेव धाव काढली. त्या मालिकेतच एडी स्टँकी हा गोरा सहकारी उठला आणि त्याने चॅपमनच्या लोकांना भित्रे म्हणून झोडपले. जो उलट बोलू शकत नाही त्याला काय छळता, असा त्याचा रोख होता.

शिव्यांचा बोभाटा झाला आणि चॅपमन अडचणीत आले. ९ मे रोजी फिलाडेल्फियात दोघांचे एकत्र छायाचित्र घ्यावे असे ठरले. हस्तांदोलन झाले नाही. दोघांनी मिळून एक बॅट धरली. आपल्याला करावी लागलेली ती एक अत्यंत कठीण गोष्ट होती, असे रॉबिन्सन यांनी नंतर नमूद केले. वाचकहो, इथे क्षणभर थांबावे. अपराध कुणाचा आणि प्रायश्चित्त कुणाला? शिव्या देणाऱ्याची नोकरी वाचावी म्हणून शिव्या खाणाऱ्याने हसऱ्या चेहऱ्याने उभे राहावयाचे! ह्याला समेट म्हणता येईल काय? कबुलीसंस्कारात आपण शिकतो की, क्षमेच्या आधी पश्चात्ताप असतो.

त्याच दिवशी 'हेराल्ड ट्रिब्यून' या न्यूयॉर्कच्या वृत्तपत्राने बातमी छापली की, सेंट लुईस कार्डिनल्स संघातील काही खेळाडू रॉबिन्सनविरुद्ध खेळण्यास नकार देऊन संप करण्याच्या बेतात होते. (ह्या संघाचे नाव आपल्या कार्डिनलांवरून नव्हे, तर गणवेशाच्या लाल रंगावरून पडले आहे.) खेळाडूंनी इन्कार केला आणि त्या बेतात तथ्य किती, ह्यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. परंतु साखळीचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक हे संप करणाऱ्याची गय होणार नाही अशा ठाम भूमिकेवर उभे राहिले, आणि संप झाला नाही. सोसणाऱ्याला उपदेश न करता सोसावयास लावणाऱ्याला अधिकाराने अडविले गेले, असा हा त्या हंगामातील एक दुर्मिळ प्रसंग.

बाकी हंगाम रॉबिन्सन यांनी एकट्याने ओढला म्हणावा असाच होता. गोलंदाजांचे चेंडू हंगामात नऊ वेळा त्यांच्या अंगावर आदळले. धमक्यांची पत्रे येत. काही गावी संघ एका हॉटेलात आणि ते दुसरीकडे उतरत. घरी पत्नी रेचल आणि वर्षाचेही न झालेले बाळ. २० ऑगस्ट रोजी सेंट लुईसच्या ईनोस स्लॉटर यांच्या बुटाचे खिळे पहिल्या ठाण्यावर रॉबिन्सन यांच्या पायात रुतले. ते अनवधानाने घडले, असे स्लॉटर सांगत राहिले. थोडे मैत्रीचे क्षणही आले. पिट्सबर्गकडून खेळणारे हँक ग्रीनबर्ग हे ज्यू खेळाडू. धर्मावरून शिव्या खाण्याचा अनुभव त्यांनाही होता. मे महिन्यात त्यांनी मैदानावरच रॉबिन्सन यांना धीराचे दोन शब्द सांगितले. केंटकीत वाढलेले पी वी रीझ यांनी भर मैदानात त्यांच्या खांद्यावर हात टाकला, ही गोष्ट तर दंतकथा होऊन बसली आहे. ती १९४७ ची की १९४८ ची ह्यावर मतभेद आहेत. २००५ साली ब्रुकलिनमध्ये त्या दोघांचा तसा पुतळा उभारण्यात आला.

आता त्याच सेंट लुईस शहरातील दुसरे दृश्य पाहू. हे शहर उत्तर व दक्षिण यांच्या सीमेवरचे. तेथील मैदानावर १९४४ पर्यंत काळ्या प्रेक्षकांची बसण्याची जागा वेगळी होती. कॅथलिक शाळाही गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. १९४६ साली तेथे आर्चबिशप जोसेफ रिटर आले. १९४७ च्या उन्हाळ्यात त्यांनी आदेश दिला की, नव्या शालेय वर्षापासून आपल्या शाळांत वर्णभेद राहणार नाही. सुमारे ७०० पालकांनी एकत्र येऊन विरोध केला आणि आर्चबिशपांना न्यायालयात खेचण्याची तयारी चालविली. काळ्या मुलांच्या आईवडिलांना बोलावून थोडे थांबा, थोडे सोसा, असे सांगणे आर्चबिशपांना सोपे होते. त्यांनी तसे केले नाही. २१ सप्टेंबरच्या रविवारी महाधर्मप्रांतातील सर्व चर्चमधून त्यांचे पत्र वाचण्यात आले : ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्याविरुद्ध जे दिवाणी न्यायालयात जातील ते ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार बहिष्कृत होतील. विरोध निवळला. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्यानंतर सात वर्षांनी, १९५४ साली दिला. रिटर यांना १९६१ साली कार्डिनलपद लाभले.

त्या रविवारच्या आठवड्यातच ब्रुकलिनने सेंट लुईसला मागे टाकून साखळीचे विजेतेपद निश्चित केले. ९४ विजय, ६० पराभव. दुसऱ्या क्रमांकावरील सेंट लुईस पाच सामने मागे. रॉबिन्सन यांनी १५१ सामन्यांत १२५ धावा काढल्या, साखळीत सर्वाधिक म्हणजे २९ ठाणी चोरली आणि त्या वर्षी प्रथमच देण्यात आलेला सर्वोत्कृष्ट नवोदिताचा पुरस्कार मिळविला. जुलैमध्ये क्लीव्हलंडने लॅरी डोबी यांना घेतल्याने दुसऱ्या साखळीचेही दार उघडले होते. अंतिम मालिकेत गाठ पडली शेजारच्या यांकीज संघाशी. चौथ्या सामन्यात शेवटच्या गड्यापर्यंत ब्रुकलिनच्या एकाही फलंदाजाला धड फटका मारता आला नव्हता. कुकी लॅव्हाजेटो यांच्या एका टोल्याने दोन धावा झाल्या आणि हरलेला सामना जिंकला गेला. पण ६ ऑक्टोबर रोजी सातवा सामना ५–२ असा गमावून ब्रुकलिन मालिका हरले. जगज्जेतेपदासाठी त्यांना १९५५ पर्यंत थांबावे लागले.

इथवरची कथा मी सांगत असे. उरलेली अशी : दोन वर्षांनी रिकी यांनी रॉबिन्सन यांना शब्दातून मोकळे केले. १९४९ पासून ते पंचांशी वाद घालू लागले, शिवीला उत्तर देऊ लागले, हॉटेलवाल्यांना जाब विचारू लागले. त्याच वर्षी साखळीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणूनही त्यांची निवड झाली. आणि मौज अशी की, गप्प रॉबिन्सनची स्तुती करणारे कित्येक लोक बोलक्या रॉबिन्सनला तापट आणि कृतघ्न म्हणू लागले. त्यांना सद्गुण आवडला होता की नुसती शांतता?

प्रभूने दुसरा गाल पुढे करावयास सांगितले, हे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. पण महायाजकाच्या वाड्यात शिपायाने जेव्हा स्वतः प्रभूलाच चापट मारली, तेव्हा काय घडले, ते योहानाने लिहून ठेवले आहे. प्रभूने हात उगारला नाही. परंतु तो गप्पही बसला नाही. मी काही वावगे बोललो असेन तर दाखव, नाहीतर मला का मारतोस, असे त्याने विचारले. दुसरा गाल म्हणजे मारणाऱ्याला मोकळीक नव्हे. त्याच्या विवेकापुढे धरलेला तो आरसा होय. रॉबिन्सन यांनी तो आरसा एक अख्खा हंगाम धरून ठेवला, आणि त्याची किंमत आपल्या देहाने व मनाने मोजली. १५ ऑक्टोबर १९७२ रोजी, दृष्टी मंदावलेली आणि शरीर थकलेले असताना, एका सत्कारप्रसंगी त्यांनी आभार मानले, आणि एखाद्या संघाचा व्यवस्थापक काळा असलेला पाहावयास आवडेल असेही म्हटले. नऊ दिवसांनी, वयाच्या ५३ व्या वर्षी, ते वारले. तसा व्यवस्थापक १९७४ साली नेमला गेला. १९९७ साली सर्व संघांनी ४२ हा क्रमांक त्यांच्या स्मरणार्थ कायमचा राखून ठेवला.

दुसऱ्या गालाचा उपदेश करण्याचा अधिकार आम्हा धर्मगुरूंना आहे. पण ज्याच्या गालावर वळ उठले आहेत त्याला तो करण्याआधी, ज्याचा हात उठला आहे त्याच्या घराची पायरी आम्ही चढली पाहिजे. मी ती उशिरा चढलो. त्या मुलांच्या घरी गेलो, आईवडिलांसमक्ष बोललो. एका घरी चहा मिळाला, एका घरी मिळाला नाही. मग पाड्यावर जाऊन त्या मुलाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. फादर पुढचा सामना कधी, एवढेच त्याने विचारले.